पायमोजे केव्हा बदलावे?

ज्येष्ठ महिना सरत आला की सांगली आणि सातारा ह्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांची वर्दळ वाढू लागते. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून शितोळे सरकारांचे अश्व निघतात आणि मिरज, सांगली, सातारा ह्या भागांतून सुमारे तीनशे किलोमीटरांची वाट पायी चालून आळंदीला पोचतात. पुढे आळंदीहून ज्ञानेश्वरमाउलींची पालखी निघते. नीरा नदीत पादुकांना स्नान घातल्यावर ती सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. ह्या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा हे सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचेच होते.

पायी चालणे हा ह्या दोन जिल्ह्यांचा जणू स्थायीभावच आहे. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या कोरड्या भागांतील धनगर मेंढरांमागे कित्येक कोस चालतात. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ ह्याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आले. साताऱ्याच्या सैनिक शाळेत १९६१ सालापासून मुले संचलनाचे धडे घेत आली आहेत. आणि सज्जनगडावर किंवा अजिंक्यताऱ्यावर सहलीला न गेलेला विद्यार्थी ह्या भागात क्वचितच सापडेल.

ह्या सर्वांचा भार ज्यांच्यावर असतो, ते म्हणजे आपले दोन पाय. पूर्वी बहुतेक वारकरी अनवाणी किंवा साध्या वहाणा घालून चालत. आजही तसे चालणारे पुष्कळ आहेत. परंतु बूट आणि पायमोजे घालून निघणाऱ्यांची संख्याही आता लहान नाही. बुटाची निवड करताना माणूस दहा दुकाने पालथी घालतो. पायमोज्यांचा विचार मात्र तो शेवटी, आणि तोही घाईघाईने करतो. मोज्याला मोठे भोक पडून अंगठा बाहेर डोकावू लागला म्हणजेच तो बदलायचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लांबच्या वाटेला ही समजूत घातक ठरते. असे का, ते आपण क्रमाने पाहू.

प्रथम थोडे गणित करू. मोठ्या माणसाचे एक पाऊल सरासरी ७० सेंटिमीटरांचे धरले, तर २० किलोमीटर चालण्यासाठी त्याला २८,००० हून अधिक पावले टाकावी लागतात. म्हणजे एकेक पाय १४,००० वेळा जमिनीवर आपटतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. तेवढ्या वाटेत एकेक पाय पावणेदोन लाखांहून अधिक वेळा जमिनीला टेकतो. तुमचे पाऊल मोठ्या माणसाच्या पावलापेक्षा लहान. म्हणून तेवढ्याच वाटेसाठी तुम्हांला पावले अधिक टाकावी लागतात. प्रत्येक पावलागणिक टाच, चवडा आणि बोटे बुटाच्या आत किंचित पुढेमागे सरकतात. एका पावलाचे हे सरकणे अगदी क्षुल्लक असते. पण थेंबे थेंबे तळे साचे, तद्वत् सहस्रावधी पावलांचे घर्षण एकत्र झाले म्हणजे पायाला फोड येतो.

हा फोड कसा येतो, हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर उजव्या हाताचे बोट दाबून ठेवा. बोट न घसरू देता ते पुढेमागे हलवा. बोटाबरोबर कातडी हलते; खालचे हाड मात्र जागच्या जागी राहते. चालताना पायात नेमके असेच घडते. मोजा आणि बूट ह्यांनी कातडी धरून ठेवलेली असते आणि आतले हाड पुढेमागे होत असते. त्यामुळे कातडीचे थर उलटसुलट दिशांनी ताणले जातात. ही ओढाताण सारखी चालू राहिली, की वरच्या त्वचेच्या आतील थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाण्यासारखा द्रव साचतो. हाच फोड. म्हणजे फोड केवळ वरून घासल्यामुळे येतो असे नव्हे. तो कातडीच्या आतील ओढाताणीमुळे येतो.

ह्या कामी घामाचा वाटाही मोठा आहे. पुस्तकाचे पान उलटत नसेल तर आपण बोट किंचित ओले करतो; ओलसर बोटाला पान चटकन चिकटते. बुटातही तेच होते. कोरडी कातडी मोज्यावरून सहज सरकते. घामाने दमट झालेली कातडी मात्र मोज्याला चिकटून राहते आणि आतील ओढाताण वाढते. तळपायावर घामाच्या ग्रंथी दाट असतात. त्यात पावसाळ्याची वाट असली, तर वरून पाणी आणि आतून घाम अशी दोन्हीकडून भर पडते.

आता पायमोज्याची खरी कामगिरी तुमच्या ध्यानी येईल. पाय उबदार ठेवणे एवढेच त्याचे काम नाही. घाम कातडीपासून दूर नेणे, टाचेखाली व चवड्याखाली मऊ बैठक देणे, आणि जे सरकणे अटळ आहे ते कातडीच्या आत होऊ न देता मोजा आणि बूट ह्यांच्यामध्ये घडवून आणणे, ही त्याची तीन कामे आहेत. ह्यांपैकी एकही काम ज्याच्याकडून होत नाही, तो मोजा दिसायला कितीही धडधाकट असला, तरी लांबच्या वाटेच्या दृष्टीने तो म्हातारा झाला असे समजावे.

ही युक्ती मनुष्याला फार पूर्वीच उमगली होती. ईजिप्त देशातील ऑक्सिरिंकस ह्या ठिकाणी सापडलेले लोकरीचे तांबडे पायमोजे लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहेत. ते इसवी सन २५० ते ४२० ह्या काळातील मानले जातात. त्यांत अंगठ्याला स्वतंत्र घर आहे, कारण ते वहाणेत घालायचे होते. आपल्याकडील अंगठ्याच्या चपलेत घालता येतील असेच ते आहेत! पुढे १५८९ साली इंग्लंडातील विल्यम ली ह्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, आणि विसाव्या शतकात नायलॉनचा धागा निघाल्यावर मोज्यांना नवा टिकाऊपणा आला.

पायमोजा आणि धोतर ह्यांच्या विणीत एक महत्त्वाचा भेद आहे. विट्याच्या यंत्रमागावर कापड विणताना उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो. मोज्यात मात्र एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. फासा ताणला जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. म्हणूनच मोजा पायाला घट्ट बसतो. परंतु वारंवार ताणल्याने आणि घासल्याने फाशांतील तंतू तुटू लागतात. कापड विरळ होते, त्याची लवचीकता जाते आणि त्यातील हवा नाहीशी होऊन ते दडपले जाते. भोक पडणे ही ह्या झिजेची अखेरची पायरी होय. पहिल्या पायऱ्या ओळखणे हेच शहाणपण.

धाग्याचाही विचार करावयास हवा. सुती मोजा मऊ खरा. पण तो पाणी धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो. एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो. लोकरीचा गुण वेगळा आहे. धनगराची घोंगडी पावसात ओलसर झाली, तरी अंगाला लगेच गार लागत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा इतकी वाफ आत सामावून घेते आणि तरी ओली वाटत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. ती घोंगडीला उत्तम, पण मोज्याला टोचरी. त्यासाठी मेरिनो मेंढीची बारीक लोकर वापरतात. लोकर झिजते लवकर, म्हणून तिच्यात नायलॉनचा धागा मिसळतात. पॉलिएस्टरसारखे कृत्रिम धागे पाणी फारसे शोषून घेत नाहीत आणि लवकर वाळतात. काही पथिक आत पातळ आणि बाहेर जाड असे दोन मोजे घालतात. अमेरिकेतील मरीन दलाच्या नवशिक्या सैनिकांवर अशा जोडीचा प्रयोग करण्यात आला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. आत पॉलिएस्टरचा पातळ आणि बाहेर लोकरमिश्रित जाड मोजा घातल्यास फोडांचा त्रास कमी होतो, असे त्यात आढळून आले. सरकणे दोन मोज्यांमध्ये घडते आणि कातडी वाचते, हेच त्यामागील कारण.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पायमोजे केव्हा बदलावे? खरे पाहता हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत. चालता चालता मोजा केव्हा बदलावा? लांबच्या वाटेच्या कामातून तो केव्हा काढून घ्यावा? आणि अखेरीस तो टाकावा केव्हा? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: मोजा ओला झाला की बदलावा. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात सहस्रावधी सैनिक चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसेंदिवस उभे राहिले. ओल्या, गारठलेल्या पायांतील रक्ताचे वहन मंदावून पाय बधिर झाले, सुजले, कित्येकांचे तर कापावे लागले. तेव्हा सैन्यात हुकूम निघाले, की प्रत्येकाने पाय कोरडे करून, तेल चोळून, रोज कोरडे मोजे घालावे. शत्रूच्या गोळीइतकीच दक्षता एका साध्या पायमोज्याविषयी बाळगावी लागली. आपल्या पावसाळी वाटेवर एवढी थंडी नसते. तरीही दुपारच्या विसाव्याला बूट काढावे, पाय पुसून वारा लागू द्यावा आणि कोरडे मोजे घालावे. ओले मोजे पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बांधले म्हणजे चालता चालता वाळतात. ह्यासाठी लांबच्या वाटेला किमान तीन जोड्या हव्यात: एक पायांत, एक वाळत आणि एक रात्रीसाठी कोरडी राखलेली. मोज्यात खडा किंवा वाळू गेली, तर ‘पुढच्या थांब्यावर काढू’ असे म्हणू नये. तेथेच थांबून मोजा झटकावा.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका आकड्यात उत्तर देता येत नाही. इतके किलोमीटर झाले की मोजा बदला, असा सर्वांना लागू पडणारा नियम नाही. कारण माणसाचे वजन, बुटाचे माप, नखांची निगा, धाग्याची जात आणि वाटेतील धूळ ह्यांवर मोज्याचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून मोज्याचीच परीक्षा घ्यावी. शितावरून भाताची परीक्षा होते. तशी टाचेवरून मोज्याची होते.

मोजा हातावर चढवून टाचेचा भाग उजेडासमोर धरा. बाकीच्या मोज्यापेक्षा तेथून उजेड अधिक येत असेल, तर तो भाग विरळ झाला आहे. अंगठ्याखाली आणि चवड्याखालीही असेच पाहा. विरळ जागी आज भोक नाही. परंतु अडीचशे किलोमीटरांच्या वाटेत ते खचित पडेल, आणि तेही गावापासून दूर असताना पडेल.

त्यानंतर तळाचा भाग चिमटीत धरून दाबा. नव्या मोज्याची बैठक दाबल्यावर पुन्हा फुगते. ती दडपून पुठ्ठ्यासारखी कडक झाली असेल, किंवा आतील फासे चोळामोळा होऊन त्यांच्या गुठळ्या बनल्या असतील, तर ती पायाला आधार देत नाही. उलट त्या गुठळ्याच टोचतात.

तिसरी परीक्षा लवचीकतेची. मोज्याची मान ताणून सोडा. ती पूर्ववत न होता सैल राहिली, तर असा मोजा चालताना खाली घसरतो आणि टाचेखाली त्याची चुणी पडते. ही चुणी म्हणजे बुटात ठेवलेली दोरीच! तिच्यामुळे फोड यावयास एक तासही पुरेसा होतो. मोजा आटून लहान झाला असेल, तर तो बोटांना आवळतो. त्यालाही लांबच्या वाटेवर नेऊ नये.

चौथी परीक्षा रफूची. घरी आजी मोज्याला रफू करून देते, ते काटकसरीचे आणि कौतुकाचे काम आहे. शाळेत जाण्यायेण्यास रफूचा मोजा सर्वथैव योग्य. परंतु टाचेवर किंवा बोटांवर रफूची गाठ अथवा उंचवटा असेल, तर वीस किलोमीटरांच्या वाटेला तो मोजा घालू नये. शेवटची परीक्षा नाकाची आणि स्पर्शाची: स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवूनही ज्याची दुर्गंधी जात नाही किंवा जो ताठ राहतो, त्याचा धागा घाम, साबण आणि मळ ह्यांनी भरला आहे असे समजावे. एकदा आणखी भरपूर पाण्यात खळबळून पाहावा. तरीही सुधारणा न झाल्यास त्याला निरोप द्यावा.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. भोक नसलेला मोजा टाकून द्यायचा, ही उधळपट्टी नव्हे काय? शंका रास्त आहे. म्हणूनच तिसरा प्रश्न निराळा ठेवला. लांबच्या वाटेतून निवृत्त झालेला मोजा टाकायचा नसतो. त्याला हलके काम द्यायचे असते. बैल नांगराला थकला, तरी शेतकरी त्याला लगेच दूर करीत नाही. तसाच हा मोजा शाळेच्या एका किलोमीटरास, थंडीत रात्री झोपताना किंवा घरातल्या घरात वापरता येतो. पुढे भोक पडले तर रफू करावे, आणि रफूलाही जागा उरली नाही म्हणजे त्याचे पुसणे करावे. अशा रीतीने खर्चही वाचतो आणि पायही वाचतात. खरी काटकसर वस्तू शेवटपर्यंत ताणण्यात नसून तिला योग्य वेळी योग्य काम देण्यात असते.

मोज्यांचे आयुष्य वाढविणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. पायांची नखे वेळेवर आणि सरळ कापावी. वाढलेले नख बोटाला आणि मोज्याला सारखेच छेदते. मोजे उलटे करून धुवावे, म्हणजे आतील घाम आणि कातडीचा मळ निघून जातो. लोकरीचे मोजे कढत पाण्यात धुऊ नयेत आणि जोराने चोळू नयेत. त्यामुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून मोजा नमद्यासारखा घट्ट होतो व आटतो. पिळून पीळ घालण्यापेक्षा दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावे. बुटाच्या आत शिवण उसवली असेल किंवा अस्तर फाटले असेल, तर नवा मोजाही चार दिवसांत झिजतो. म्हणून एकाच जागी वारंवार भोक पडू लागले तर दोष मोज्याला न देता बुटात हात घालून पाहावे. आणि नवे मोजे घेतले तर ते सहलीच्या दिवशीच प्रथम घालू नयेत. आधी दोन-चार वेळा थोडे थोडे चालून त्यांची आणि पायांची ओळख होऊ द्यावी.

इतकी काळजी घेऊनही वाटेत एखादी जागा चुरचुरू लागली, तर ती फोडाची वर्दी समजावी. ताबडतोब थांबून मोजा काढावा, पाय कोरडा करावा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावावी. फोड आलाच, तर तो सुई-दोऱ्याने फोडण्याचा मोह टाळावा. अस्वच्छ सुईमुळे जंतू आत शिरून पू होतो. लाली पसरू लागली, ठणका लागला किंवा ताप आला, तर वैद्यकीय पथकाकडे किंवा दवाखान्यात जावे. मधुमेह असलेल्या माणसांनी तर ह्या बाबतीत विशेष जपावे. त्या रोगात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना कमी होऊ शकते. फोड आला तरी दुखत नाही आणि जखम लवकर भरूनही येत नाही. आपल्या घरातून कोणी आजोबा किंवा आजी वारीला निघत असतील, तर त्यांचे मोजे उजेडासमोर धरून पाहण्याचे काम तुम्ही आपल्याकडे घ्या. त्यांच्या डोळ्यांना जे दिसणार नाही आणि पायांना जे जाणवणार नाही, ते तुमच्या तरुण डोळ्यांना सहज दिसेल.

पायीची वहाण पायी बरी, अशी म्हण आहे. पायांतील वस्तूला डोक्यावर मिरवू नये हे खरे. पण तिच्याकडे दुर्लक्ष करावे असा त्याचा अर्थ नव्हे. मोठ्या प्रवासाची सिद्धी पुष्कळदा लहान गोष्टींवर अवलंबून असते. पुढच्या सहलीच्या आदल्या रात्री डबा आणि पाण्याची बाटली भरून ठेवाल, तेव्हा पायमोज्यांची जोडी हातात घेऊन दिव्यासमोर धरा. तेवढ्या अर्ध्या मिनिटाने दुसऱ्या दिवशीची सारी वाट सुखाची होईल.

स्वाध्याय

१. पायाला फोड कसा येतो, हे तुमच्या शब्दांत सांगा.
२. कापडाची वीण आणि मोज्याची वीण ह्यांतील भेद स्पष्ट करा.
३. ‘पायमोजे केव्हा बदलावे’ ह्या एका प्रश्नाचे लेखकाने कोणते तीन प्रश्न केले आहेत? ते का?
४. खरी काटकसर कोणती, असे लेखकाला वाटते? तुमच्या घरातील दुसऱ्या एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन लिहा.
५. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आणि ‘शितावरून भाताची परीक्षा’ ह्या म्हणींचा पाठातील उपयोग सांगून प्रत्येकीवर स्वतंत्र वाक्य तयार करा.
६. उपक्रम: तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची पावले मोजा आणि महिनाभरात एकेक पाय किती वेळा जमिनीला टेकतो, त्याचा हिशेब मांडा.